‘साहाय्यक’ या शब्दाआड राहिलेले पंडित भगवानलाल

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला निमगाव सावा, बोरी, बेल्हे या बाजूची शेती कुकडीच्या पाण्यावर पोसलेली आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे आणि त्या कड्यातून कोकणात उतरणारा नाणेघाट. या तालुक्याची दोन्ही टोके पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचयाची आहेत. पूर्वेकडच्या बोरीला कुकडीच्या पात्रात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली. पश्चिमेकडच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिने कोरविलेला लेख आहे. निमगाव सावाहून निघून नारायणगाव, जुन्नर ओलांडीत घाटमाथ्यावर पोचलेला प्रवासी त्या लेण्यात शिरतो तेव्हा डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसतात आणि त्या ओळींत मधूनमधून अक्षरांपेक्षा निराळी अशी काही चिन्हे. ते आकडे आहेत. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचा तो हिशेब आहे. हे आकडे उलगडण्याच्या कामात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्या माणसाचे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी.

अभ्यासकांच्या जगात हे नाव अनोळखी नाही. परंतु संदर्भग्रंथांत आणि कोशांत त्यांच्या वाट्याला येणारी ओळख बहुधा एका ठराविक वळणाची असते. डॉ. भाऊ दाजींचे साहाय्यक, बर्जेस यांचे सहकारी, ब्यूलर यांनी ज्यांचे लेख इंग्रजीत आणले असे एक जुन्या पठडीतले पंडित. यातला एकही शब्द खोटा नाही. तरीही हे शब्द एकापुढे एक ठेवले की जो माणूस उभा राहतो, तो कुणाच्या तरी मागे दोन पावले चालणारा दिसतो. कोशातली नोंद पाचसहा ओळींची असते. तिच्यात विशेषणाला जागा नसते आणि म्हणूनच प्रत्येक नामाचे वजन वाढते. भगवानलालांचे आयुष्य नीट पाहिले म्हणजे त्या नोंदीतला कोणता शब्द ठेवावा, कोणता बदलावा आणि कोणता काढून टाकावा हे आपोआप उमगत जाते.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी काठेवाडातील जुनागढ येथे एका प्रश्नोरा नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. घरात संस्कृत विद्या आणि वैद्यकी यांची परंपरा होती. इंग्रजी शिक्षणाचा लाभ त्यांना झाला नाही आणि ही उणीव पुढे आयुष्यभर त्यांच्या नावाभोवती रेंगाळत राहिली. परंतु जुनागढने त्यांना दुसरे एक विद्यालय दिले. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर अशोकाच्या आज्ञा आहेत, महाक्षत्रप रुद्रदामनाचा संस्कृत लेख आहे आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही लेख आहे. एकाच दगडावर सुमारे सातशे वर्षांच्या अंतराने कोरलेली तीन राजवटींची अक्षरे! जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्राचीन वर्णमालेचा तक्ता या मुलाच्या हाती पडला आणि तो शिळेपुढे बसून अक्षर अक्षर जुळवू लागला. गुरू नाही, शाळा नाही. एका हातात तक्ता आणि समोर दगड.

काठेवाडात त्या वेळी असलेले इंग्रज अधिकारी अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स हे ‘रासमाला’ या गुजरातच्या इतिहासग्रंथाचे कर्ते. त्यांना या तरुणाची गोडी आणि तयारी दिसली. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हे नामांकित धन्वंतरी होते आणि प्राचीन इतिहासाच्या संशोधनात मनापासून गढलेले होते. रुग्णसेवेच्या व्यापातून रानोमाळ हिंडणे त्यांना शक्य नव्हते. शिलालेखांचे बिनचूक ठसे आणि नकला आणणारा माणूस त्यांना हवा होता. फोर्ब्स यांच्या शिफारशीने १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले, आणि १८७४ साली भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, त्यांच्यासाठी काम करीत राहिले.

कोशातल्या नोंदीत ‘साहाय्यक’ हा शब्द येतो तो या तेरा वर्षांसाठी. या वर्षांत भगवानलालांनी काय केले? अजिंठा, नाशिक, कार्ले, जुन्नर, नाणेघाट येथील लेण्यांतल्या लेखांच्या नकला केल्या. नंतर उत्तरेकडे मोठे प्रवास केले. राजस्थान, मध्य भारत, गंगा-यमुनेचा प्रदेश, वायव्येला पेशावरच्या बाजूचे शाहबाजगढी, आणि शेवटी नेपाळ. रेल्वेचे जाळे अजून विणले जात होते. पुष्कळसा प्रवास बैलगाडीने, घोड्यावर अथवा पायी होई. लेणी पुष्कळदा झाडाझुडपांत बुडालेली, आत वटवाघळांची वस्ती. अक्षरांवर शेवाळ, काजळी आणि कित्येक ठिकाणी शेंदूर. असा लेख धुऊन, घासून, उजेडाचा कल पाहून, पुन्हा पुन्हा तपासून उतरवून घ्यायचा, तर जो वाचू शकतो त्यालाच ते साधते. कारण झिजलेल्या जागी कोणती रेघ मूळची आणि कोणती दगडाची चीर, याचा निवाडा नक्कल करतानाच करावा लागतो. म्हणजे नक्कल करणारा माणूस हाच त्या लेखाचा पहिला वाचक असतो. या अर्थाने भगवानलाल हे भाऊ दाजींचे हात होते असे म्हणणे अपुरे आहे. ते त्यांचे डोळेही होते.

तथापि यातून भाऊ दाजींवर अन्याय झाला अशी कथा रचणे हीदेखील तितकीच चुकीची ठरेल. प्रश्न विचारणारे, खर्च सोसणारे, निष्कर्ष तपासणारे आणि ते विद्वानांपुढे मांडणारे भाऊ दाजीच होते. १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात त्यांची मोठी आर्थिक हानी झाली, तरी भगवानलालांचे प्रवास त्यांनी थांबविले नाहीत. एक गोवेकर मराठी डॉक्टर आणि एक काठेवाडी पंडित यांनी मिळून उभ्या केलेल्या त्या संशोधनात कुणाचा वाटा कुठे संपतो आणि कुणाचा कुठे सुरू होतो, याची रेघ मारणे अवघड आहे. भाऊ दाजींच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या पुष्कळ वाचनांमागे भगवानलालांच्या नकला आहेत, एवढे नोंदीत यायला हवे.

३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी गेले. भगवानलाल त्या वेळी पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. आश्रय गेला, इंग्रजी येत नाही आणि स्वतःच्या नावावर प्रसिद्ध झालेले जवळजवळ काही नाही, अशी त्यांची स्थिती होती. केवळ साहाय्यक असलेला माणूस इथेच संपला असता. भगवानलालांचे खरे लेखनकार्य इथून सुरू झाले आणि पुढच्या चौदा वर्षांत त्यांनी पश्चिम भारताच्या प्राचीन इतिहासाचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला.

याची सुरुवात जुन्नरजवळच्या त्या घाटातूनच झाली. नाणेघाटातील लेखाकडे कर्नल साइक्स यांनी यापूर्वीच विद्वानांचे लक्ष वेधले होते. भगवानलालांनी त्यातील आकड्यांवर १८७६ च्या सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आणि १८७७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त लेख लिहिले. अडचण अशी होती की ब्राह्मीच्या जुन्या अंकपद्धतीत शून्य नाही आणि स्थानानुसार किंमत बदलण्याची सोयही नाही. दहा, वीस, तीस यांना प्रत्येकी वेगळे चिन्ह; शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चारशे, हजाराच्या चिन्हाला तेच जोडले की चार हजार. आजच्या सवयीने डावीकडून उजवीकडे अंक वाचू जाणाऱ्याला यातून काहीच बोध होत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांत काही रकमा शब्दांतही आहेत आणि आकड्यांतही. त्या आधारावर भाऊ दाजींनी पूर्वी काही अंक ओळखले होते. भगवानलालांनी ती किल्ली पुढे चालविली. जुन्या हस्तलिखितांतील पृष्ठांक, ताम्रपटांवरील तिथी, क्षत्रपांच्या नाण्यांवरील वर्षे आणि नाणेघाटाचा लेख हे सर्व शेजारी शेजारी ठेवून त्यांनी अंकांची सुसंगत मालिका लावून दाखविली. अंकचिन्हे मुळात अक्षरांपासून आली, हे त्यांचे मत पुढील अभ्यासकांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. परंतु चिन्हांच्या ज्या किमती त्यांनी ठरविल्या, त्यांवर पुढचे काम उभे राहिले.

आकडे वाचता येणे म्हणजे नुसता गाईंचा हिशेब कळणे नव्हे. आकड्यांतच कालगणना असते. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि त्यापुढे वर्ष आहे ४६. ते शक संवताचे मानले तर इसवी सन १२४ च्या आसपास येते. जुन्नर त्या वेळी क्षत्रपांच्या हाताखाली होते आणि त्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, हा इतिहास असल्या दोन-चार अंकचिन्हांवर तोललेला आहे. एक चिन्ह चुकले तर राजे एकमेकांच्या जागी जाऊन बसतील.

जुन्नरच्या लेण्यांच्या बाबतीत आणखी एक शब्द जपून वापरावा लागतो. ही लेणी भगवानलालांनी ‘शोधली’ असे म्हणता येत नाही. ती गावकऱ्यांना कधीच अज्ञात नव्हती. लेण्याद्रीच्या डोंगरातल्या एका विहारात गिरिजात्मज गणपतीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भगवानलालांनी केले ते असे की, तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांतील लेखांना पुन्हा वाचा दिली. १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचे जे पुस्तक निघाले, त्याच्या मुखपृष्ठावर जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी अशी दोन नावे आहेत. जुन्नरचे तिसाहून अधिक लेख त्या परंपरेने अभ्यासकांच्या हाती आले. त्यांतून एक गजबजलेले नगर दिसू लागले. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांची श्रेणी, आणि इरिल, चिट, चंद अशा नावांचे यवन दाते. कोकणातील बंदरांवरून नाणेघाटमार्गे आलेला व्यापार जुन्नरला कसा समृद्ध करीत होता, हे या लहान लहान दानलेखांनी सांगितले. सूचीत मात्र हे पुस्तक बहुधा पहिल्या नावाखाली नोंदले जाते आणि दुसरे नाव ओळीच्या टोकाला जाते.

नाव मागे पडण्याचे मुख्य कारण भाषा हे होते. भगवानलाल गुजरातीत लिहीत. नेपाळात मिळालेले लेख त्यांनी प्रसिद्ध केले त्यांचे इंग्रजी भाषांतर जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांनी केले. रुद्रदामनाच्या गिरनार-लेखाचे सुधारलेले वाचनही ब्यूलर यांच्या सहकार्याने १८७८ मध्ये आले. ब्यूलर यांनी मूळ कर्त्याचे नाव कधी दडविले नाही. भाषांतरावर भाषांतरकार म्हणूनच आपले नाव घातले. परंतु पुढे उद्धृत करणाऱ्यांच्या लेखणीत इंग्रजी वाक्ये लिहिणाराच नकळत विचारांचाही धनी होतो. भाषांतर करणारा आणि विचार करणारा यांत फरक आहे, ही साधी गोष्ट कोशाच्या नोंदीत एका शब्दाने स्पष्ट करता येते.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचीही हीच कथा आहे. ठाणे (१८८२), नाशिक (१८८३) आणि पुणे (१८८५) या जिल्ह्यांच्या खंडांत लेण्यांची आणि प्राचीन अवशेषांची जी बारकाईची वर्णने आहेत, त्यांमागे भगवानलालांनी पुरविलेली सामग्री आहे. आज जुन्नर, नाशिक किंवा कान्हेरीवर लिहिणारा स्थानिक अभ्यासक गॅझेटिअर उघडतो आणि सरकारी ग्रंथ म्हणून त्याचा हवाला देतो. त्या सरकारी वाक्यांमागे लेण्यात वाकून मोजमाप घेणारी एक व्यक्ती होती, हे त्याच्या ध्यानात क्वचितच येते.

‘पंडित’ हा शब्द त्यांच्या नावाला चिकटला तो आदराने. पण तोही अर्धेच सांगतो. पंडित म्हटले की पोथीपुढे बसलेला विद्वान डोळ्यांपुढे येतो. भगवानलाल मैदानात उतरणारे संशोधक होते. एप्रिल १८८२ मध्ये वसईजवळच्या सोपाऱ्यास बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा उंचवटा त्यांनी खणला आणि तो बौद्ध स्तूप असल्याचे दाखविले. मध्यभागी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. भोवती सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय अशा आठ धातुमूर्ती होत्या, सोन्याची फुले होती, आणि सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते. शिवाय यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे होते, फारसे न झिजलेले. सोपाऱ्याला प्रत्यक्ष बुद्धाचे भिक्षापात्र सापडले, असे वाक्य आजही छापले जाते. सापडले ते मातीचे तुकडे. पेटी पुरणाऱ्यांनी त्यांना बुद्धाच्या पात्राचे तुकडे मानून पूजिले असावे, हे अनुमान झाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही त्यांना मिळाला. कोकण किनाऱ्याचे हे बंदर मौर्यांच्या राज्यात होते, याला त्यामुळे दगडाचा पुरावा लाभला.

ओरिसातील हाथीगुंफेच्या लेखावरचा त्यांचा निबंध लायडन येथे १८८३ साली भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी होता. त्यात त्यांनी कलिंगाच्या त्या राजाचे नाव खारवेल असे वाचले आणि ते नाव कायम झाले. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद केले आणि मुंबई विद्यापीठाने फेलो नेमले. ज्या भाषेत त्यांना सहजपणे पत्रही लिहिता येत नव्हते, त्या भाषेच्या जगाने त्यांची विद्वत्ता मान्य केली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हती.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झालेली नव्हती. हातून पुष्कळ काम अर्धवट राहिले होते आणि ते पुढे इतरांच्या हातून जगापुढे आले. पश्चिमी क्षत्रपांवरचा त्यांचा निबंध रॅप्सन यांनी संपादून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. मथुरेत शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायऱ्यांत बसविलेला, खरोष्ठी लेखाने भरलेला सिंहशीर्ष त्यांना १८६९ साली मिळाला होता. त्यावरील लेखाचे त्यांचे वाचन ब्यूलर यांनी १८९४ मध्ये प्रकाशात आणले. गुजरातच्या प्राचीन इतिहासाची त्यांची सामग्री १८९६ साली गॅझेटिअरच्या पहिल्या खंडात आली. ती पुरी करणारे ए. एम. टी. जॅक्सन हेच पुढे नाशिकचे जिल्हाधिकारी झाले आणि १९०९ साली अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले. सिंहशीर्ष आणि नाणी भगवानलालांनी मृत्युपत्राने ब्रिटिश संग्रहालयाला दिली. मथुरेच्या एका देवीच्या पायरीतला दगड आज लंडनमध्ये आहे तो यामुळे. जुलुमाने नेलेल्या वस्तूंच्या यादीत त्याचा समावेश करण्याआधी हा तपशील पाहावा लागतो, आणि आपला ठेवा कुठे सुरक्षित राहील व कुणाच्या अभ्यासास येईल याविषयी एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय विद्वानाला काय वाटत होते, याचाही विचार करावा लागतो.

अलीकडच्या काळात पारडे दुसऱ्या बाजूला झुकू लागले आहे. २०१२ साली वीरचंद धरमशी यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात त्यांना पहिले भारतीय पुरातत्त्वज्ञ म्हटले आहे. चरित्रकाराने आपल्या नायकाला असे स्थान द्यावे हे योग्यच. परंतु कोशाच्या नोंदीत ‘पहिला’ हा शब्द नेहमीच धोक्याचा असतो. त्यांच्याआधी भाऊ दाजी होते आणि बंगालात त्यांच्या काळी राजेंद्रलाल मित्र होते. ‘साहाय्यक’ हा शब्द माणसाला ठेंगणा करतो, ‘पहिला’ हा शब्द त्याच्या भोवतालची माणसे पुसून टाकतो. भगवानलालांनी झिजलेल्या अक्षराच्या जागी मनातले अक्षर भरले असते तर त्यांचे वाचन टिकले नसते. त्यांच्या स्वतःच्या नोंदीलाही हाच नियम लावायला हवा.

तेव्हा ती नोंद साधारण अशी असावी. भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८): पुरातत्त्वज्ञ, लिपितज्ज्ञ व नाणेतज्ज्ञ. जन्म जुनागढ. १८६१ च्या सुमारापासून १८७४ पर्यंत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या संशोधनासाठी भारतभर व नेपाळात प्रवास करून शिलालेखांच्या नकला व वाचने केली. त्यानंतर स्वतंत्र लेखन. नाणेघाट व इतर ठिकाणच्या लेखांवरून ब्राह्मी अंकांच्या किमती निश्चित करण्यात प्रमुख वाटा. जुन्नर, नाशिक आदी लेण्यांतील शिलालेखांचे वाचन, त्यांपैकी एक ग्रंथ बर्जेस यांच्यासह. सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन. खारवेलाच्या लेखाचे वाचन. लेखन गुजरातीत; इंग्रजी भाषांतर ब्यूलर व इतरांनी केले. काही ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध.

या नोंदीत गौरवाचा एकही शब्द नाही. नाणेघाटाच्या भिंतीवर राणीच्या दानाचे जसे नुसते आकडे आहेत, तशीच ही नुसती यादी आहे. ती बिनचूक असली की वाचणाऱ्याला माणसाची उंची आपणच कळते.